विल्डाची अस्तर लावलेली टोपी

विल्डा,

तुझ्या अंत्यविधीला पाद्रीबुवांनी तुला 'मृदुभाषी' म्हटलं. मागच्या बाकावर मला असा ठसका लागला की लोकांना वाटलं, म्हातारी रडतेय. तू आणि मृदुभाषी! उभ्या जन्मात तू माझ्याशी गोड बोललेली मला एकदाच आठवते, आणि तेव्हा पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी तुला भूल दिलेली होती. मेलेल्या माणसावर असं साखरेचं पाणी शिंपडलं की त्याचा चेहरा पुसून जातो. पाद्रीबुवा तेव्हा नवे होते, त्यांना माफ आहे. पण बाकीचे माना डोलवत होते ना! म्हणून इतक्या वर्षांनी का होईना, हे लिहायला बसले. तुला आवडायचं नाही. "स्वतःच्या घरचा केर काढ आधी," म्हणशील. काढून झालाय. आता गप्प राहा आणि मला सांगू दे. तुला नाही, ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही त्यांना.

तर विल्डा स्ट्रॉस्नायडर आमच्या गावातल्या शवपेट्यांच्या कारखान्यात अस्तर शिवायची. ओहायो नदीच्या काठावरचं आमचं कॉर्विन्स फेरी एके काळी कपबश्यांच्या भट्ट्यांचं गाव होतं. भट्ट्या विझल्या, पण पेट्यांचा कारखाना पुढे बरीच वर्षं तगून राहिला. विल्डा म्हणायची, "बशी नसली तरी माणूस जेवतो. पेटीवाचून पुरता येत नाही."

काम पांढऱ्या साटीनचं. खाली कापसाचा पातळ थर, वर साटीन, साटीनला बोटभर रुंदीच्या चुण्या. नियम एकच: टाका दिसता कामा नये आणि लाकूड दिसता कामा नये. कुठूनही, कितीही वाकून बघा, फट म्हणून सापडायची नाही. एका नव्या मुलीने एकदा विचारलं होतं, "पण आतला माणूस थोडाच तपासणार आहे?" विल्डा म्हणाली, "आतला नाही तपासत. वरून वाकलेली त्याची आई तपासते."

हा नियम तिच्या हाडात मुरला. घरी ती जे काही शिवायची त्याला अस्तर असायचंच. पडद्याला अस्तर, चहाच्या किटलीच्या टोपीला अस्तर, ओव्हनमधलं भांडं धरायच्या फडक्यालाही अस्तर. नातीच्या, रेलिनच्या, बाप्तिस्म्याचा झगा तिने साटीनचा शिवला, आणि त्याला अशा काही सुबक चुण्या घातल्या की पोरगी त्यात झोपी गेली तेव्हा आजोबाने, डेल्बर्टने, धसकून तिला झटक्यात उचलून घेतलं. "हिला जागी ठेवा रे," म्हणाला, "नाहीतर आमची बाई झाकण लावेल." सगळे हसले. विल्डा हसली नाही. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, काम चोख झालं होतं.

दिसायला उंच, वाळक्या लाकडासारखी. सिगारेट ओठाला चिकटलेली. जिभेला हाड नव्हतंच, आणि भीड तर तिने कधी शिवूनही घेतली नव्हती. शेजारणीच्या नव्या सुनेला पहिल्याच भेटीत, "तुझे दात छान आहेत, स्वयंपाक कळेलच," असं म्हणालेली बाई ती. माझं तिचं पटायचं, कारण मीही फारशी वेगळी नाही. फक्त मी शाळेत शिकवायचे, त्यामुळे माझ्या फटकळपणाला लोक शिस्त म्हणायचे.

डेल्बर्ट झोपेत गेला. त्याची पेटी तिनेच आतून शिवली. त्यानंतर कारखाना बंद पडला, आणि मग डॅनेटचं सुरू झालं.

डॅनेट तिची एकुलती मुलगी, रेलिनची आई. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उचलायचं-बसवायचं काम करताना तिची पाठ धरली. पाठीसाठी गोळ्या आल्या, गोळ्यांच्या मागून नशेची सुई आली. आमच्याकडे हे इतक्या घरांत झालंय की 'कशाने गेली?' असं आता कुणी विचारत नाही, वय तेवढं विचारतात. डॅनेट पेट्रोल पंपाच्या संडासात सापडली. रेलिन तेव्हा बाहेर गाडीत, मागच्या सीटवर, चिप्स खात बसली होती. पाच वर्षांची पोर.

अंत्यविधीच्या दुकानात विल्डाने लेकीच्या पेटीत हात घातला. पेटी परराज्यातली, यंत्रावरची. तिने बोटाने कोपरा ओढला आणि अस्तर टरकन सुटून हातात आलं.

"हे चिकटवलंय," ती म्हणाली.

दुकानाचा मालक अर्नेस्ट टिपल, शांत माणूस. म्हणाला, "विल्डा, आता सगळीकडे असंच येतं गं."

"माझ्या पोरीला डिंकात झोपवणार तू?"

भेटायला आलेली माणसं बाहेरच्या खोलीत कॉफी घेऊन उभी होती. विल्डाने पर्समधून सुई काढली, खुर्ची ओढली आणि एका बाजूचा सगळा काठ हाताने शिवून काढला. टाका दिसला नाही. रडली नाही. मध्ये एकदा फक्त म्हणाली, "जरा डोकं उचल बाई," आणि मग अर्नेस्टने ते उचलून धरलं.

यानंतर रेलिन आजीकडे येणार असं सगळे धरूनच चालले होते. पण बालकल्याण खात्याची बाई घर बघायला आली. तिने डॅनेटच्या जुन्या खोलीचं कपाट उघडलं, आणि आतून जे निघायचं ते निघालं. विल्डाला त्या सुयांचा पत्ताही नव्हता. पण तिने ते शांतपणे सांगायच्या ऐवजी बाईंना झाडूने जिन्यापर्यंत पोचवलं. कोर्टात अशी गोष्ट फारशी बरी दिसत नाही. खात्याने सांभाळायला म्हणून दिलेली रेलिन गेली वरच्या टेकडीवरच्या हॉस्टेटलर कुटुंबाकडे. ही माणसं चांगली. जॅना हॉस्टेटलर दातांच्या दवाखान्यात कामाला, नवरा छपरं घालणारा, स्वतःचे दोन मुलगे. घरात मोठा आवाज नाही, दारू नाही. विल्डाला त्यांच्यात नाव ठेवायला जागा सापडेना, म्हणून ती म्हणायची, "त्या घरात कुणी शिंकत तरी असेल का?"

महिन्यातून एकदा खात्याच्या कचेरीत, तिसऱ्या माणसासमोर, आजी-नातीची भेट ठरली. दोन-तीन भेटी बऱ्या गेल्या. मग एकदा रेलिनने विचारलं, "मॅमॉ, मम्मा झोपलीय ना? जॅना म्हणते, शांत झोपलीय."

कुणीही दुसरी आजी 'हो गं सोन्या' म्हणाली असती. विल्डा म्हणाली, "झोपलेली माणसं उठतात. ती मेलीय. पेटीत आहे. एक बाजू मी शिवलीय, तेवढी चांगली आहे."

पोर कितीतरी रात्री किंचाळून उठत राहिली. भेटी थांबल्या.

"खोटं बोलले नाही मी," विल्डा मला म्हणाली.

"खोटं बोल म्हणून कोण सांगतंय? गप्प बसता येत नाही का तुला?"

"नाही येत," ती म्हणाली. आणि खरंच येत नव्हतं.

पुढे कळलं की हॉस्टेटलर पोरीला कायमची दत्तक घेताहेत, आणि नवऱ्याला इंडियाना राज्यात काम मिळालंय. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आत बाडबिस्तरा हलणार. त्या दिवसांत विल्डा सिगारेट पेटवायची आणि ओढायला विसरायची.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला जॅनाचा फोन आला. मी तिथेच तिच्या स्वयंपाकघरात बसले होते, आणि विल्डाला ऐकू कमी येत असल्याने फोन नेहमी मोठ्याने बोलायचा.

"स्ट्रॉस्नायडरबाई, मागतकऱ्यांच्या रात्री आम्ही मुलांना घेऊन वॉटर स्ट्रीटवरून जाणार आहोत," जॅना म्हणाली. "रेलिन चेटकीण होणार आहे. तुमचा दिवा लागलेला असेल तर आम्ही वर येऊ."

मी विल्डाच्या पायावर पाय दिला.

"असेल," ती म्हणाली.

"तुम्हाला बरं वाटत नसेल, नको वाटलं, तर बंद ठेवा. मी वाईट वाटून घेणार नाही. तिला मी आधी काही सांगत नाहीये, म्हणजे तिचा हिरमोड नको. फक्त एक विनंती आहे. तिला स्वतःहून वर येऊ द्या. हाका नका मारू. धावत नका येऊ. ती अजून दचकते."

"बसून राहीन," विल्डा म्हणाली. "खुर्चीला बांधून घेईन."

"तसं नको हो," जॅना हसली. हसणं चांगलं होतं तिचं.

आमच्याकडे ऑक्टोबरअखेरच्या त्या रात्रीचा रिवाज साधा आहे. बंबवाल्यांचा भोंगा वाजला की भुताखेतांची सोंगं घेतलेली पोरं टोपल्या घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत सुटतात, आणि दुसरा भोंगा वाजला की घरी. ज्या घराच्या व्हरांड्यात दिवा, त्या घरी जायचं. दिवा नाही, तिथे पायरीवर पाऊलसुद्धा टाकायचं नाही. आजारी माणूस असेल, सुतक असेल, नाहीतर नुसतं तिरसट असेल. कारण कुणी विचारत नाही. रांगायला लागल्यापासून पोरांना हे ठाऊक असतं.

त्या वर्षी चर्चच्या तळघरात बर्नाडिन पाइल बायकांना दिव्यावर घालायची चेटकिणीची टोपी शिकवत होती. बर्नाडिनला हातकामाचा भारी सोस. दर सणाला ती काहीतरी काढते आणि मग महिनाभर अख्खं गाव तेच मिरवतं. टोपी अशी: तारेचा शंकू, खाली तारेचं मोठं कडं. त्यावर नारिंगी-जांभळी प्लास्टिकची जाळी चिमटीचिमटीने गोळा करायची आणि केसाळ तारांच्या तुकड्यांनी पिळून बांधायची. वर काळी रिबन, सोनेरी पुठ्ठ्याचं बकल, एखादा कोळी. दाराशेजारच्या दिव्यावर खिळ्याला अडकवली की आतला उजेड जाळीतून झिरपतो आणि टोपी कंदिलासारखी पेटते.

"मला नेऊन सोड तिथे," विल्डा म्हणाली. आयुष्यात चर्चच्या बायकांत ती कधी बसली नव्हती. मी गाडी काढली, आणि कुतूहलापोटी मीही बसले.

"अगं बाई, विल्डा!" बर्नाडिन म्हणाली. "बरं वाटलं तू आलीस म्हणून."

"टोपीसाठी आलेय, बरं वाटायला नाही. तार कुठाय?"

तारेचा सांगाडा तिने इतरांच्या दुप्पट भरीव केला, कारण तिच्या मते बाकीच्यांचे 'कोंबडी बसली तरी मोडतील' असे होते. मग तिने जाळीचा गुंडाळा हातात घेतला, दिव्यासमोर धरला आणि पलीकडून बर्नाडिनकडे पाहिलं.

"यातून तर तू दिसतेस."

"तेच तर! उजेड दिसायला हवा ना?"

"चेटकिणीच्या टोपीतून डोकं दिसलं तर ती चेटकीण कसली, मासळीवाली झाली."

टेबलाभोवती खसखस पिकली. कॅरोलिन नावाची एक लठ्ठशी बाई म्हणाली, "हिला पेटीच करू दे बाई, टोपी नाही जमायची." विल्डा तिच्याकडे न बघता म्हणाली, "तुझं माप माहीत आहे मला. रुंद लागेल." कॅरोलिन सगळ्यांत मोठ्याने हसली. मला तेव्हा वाटलं, हिने इथे आधीच यायला हवं होतं.

जाळी तिने टेबलावर ठेवली ती ठेवलीच. दुसऱ्या दिवशी मला नदीकाठच्या मोठ्या दुकानात न्यायला लावलं आणि तिथून काळं जाड फेल्टचं कापड घेतलं. रुपेरी टिकल्या, मोराच्या रंगाची दोन पिसं, बकलासाठी खरं पितळी बकल. गोंदाची बंदूक दुकानातल्या मुलीने पुढे केली, तर "मी चिकटवत नाही," म्हणून परत सारली.

घरी पलंगाखाली साटीन होतं. कारखाना बंद झाला तेव्हा उरलेला पांढरा तागा तिने घरी आणला होता. फेल्टचा शंकू, त्याला पोचा येऊ नये म्हणून आत कापसाचा थर, आणि त्याच्या आत बोटभर चुण्यांचं पांढरं साटीन. कडेच्या पट्टीलाही खालून साटीन. हात तोवर पार वाकडे झाले होते, सुई तर्जनी आणि मधल्या बोटात धरायची. पुष्कळदा उसवलं. मी एकदा म्हटलं, "आतून कोण बघणार आहे गं?" आणि म्हणता म्हणता उत्तर आठवून गप्प बसले.

"ती बघेल," विल्डा म्हणाली. "दाराशी उभी राहून वर बघेल. पोरं खालूनच बघतात सगळं."

टोपी झाली ती देखणी झाली, खोटं कशाला बोलू. काळीकुळकुळीत, टोक किंचित वाकलेलं, टिकल्यांची चंद्रकोर. गावातल्या बाकी सगळ्या टोप्या तिच्यापुढे रंगीत कांद्याच्या पिशव्या वाटाव्यात. मला दाखवली तेव्हा ती मांडीवर उलटी धरली होती, चुण्या वर करून.

"कशी आहे?"

"सुंदर आहे. आणि भयानक आहे."

"मग झालं तर. चेटकिणीची आहे."

ती रात्र कशी गेली ते तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. आणि एकदा सुरुवात केल्यावर बारीकसारीकही सोडलं नाही.

दुपारी ती स्टुलावर चढली, डॉक्टरांनी मना केलं होतं तरी. दाराशेजारच्या दिव्यावर टोपी अडकवली आणि अंधारून आल्यावर बटण दाबलं. पांढऱ्या साटीनवर आपटून उजेड असा काही खाली सांडला की व्हरांड्याची जमीन दुधासारखी झाली. पायपुसण्यावरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. ती खूश झाली. इतका उजेड त्या दिव्याने कधी दिला नव्हता.

वॉटर स्ट्रीटवरची टेकडीकडची घरं रस्त्याच्या बरीच वर आहेत. उभ्या दगडी पायऱ्या, वर व्हरांडा, व्हरांड्याला कमरेइतका विटांचा कठडा. विल्डाचे गुडघे गेलेले, त्यामुळे त्या पायऱ्या ती महिनोन्‌महिने उतरत नसे. गाडीत बसायला मागच्या गल्लीकडचं दार होतं.

तिने दातांची कवळी बसवली. ओठांना रंग लावला, मग तो जास्त वाटला म्हणून पुसला, मग पुन्हा थोडा लावला. सिगारेटी फ्रिजवर ठेवून दिल्या, पोरीला वास नको म्हणून. मांडीवर परात घेऊन, बाहेरचा उजेड उठून दिसावा म्हणून आतला दिवा मालवून, दार सताड उघडं टाकून, ती दाराच्या आत खुर्चीवर बसली. परातीत पुरी चॉकलेटं, ती छोटी फसवी नाहीत. पायांसमोर उजेडाचा चौकोन. भोंगा वाजला.

खालून पोरांचे आवाज यायला लागले. एक जण भोकाड पसरून ओरडत होता, त्याच्या वाघाच्या शेपटीवर कुणीतरी पाय दिला होता. पलीकडच्या घराची घंटा वाजली. अलीकडच्या घराची वाजली. मध्ये तिच्याकडे कुणी आलं नाही.

तिला वाटलं, पायऱ्यांना कंटाळली असतील. मग पुन्हा तेच. पलीकडे घंटा, अलीकडे घंटा. तेव्हा तिच्या मनात दुसरं आलं. डॅनेटचं घर. ज्या घरात सुया सापडल्या ते घर. आयांनी सांगून ठेवलं असणार, तिथलं काही घेऊ नका म्हणून. "मनात म्हटलं, बरोबर आहे," तिने मला सांगितलं. "मीही नसतं पाठवलं."

पण एका पोरीला जॅना येऊ देणार होती, तिने स्वतः फोन करून तसं सांगितलं होतं. त्या एका पोरीसाठी ती बसून राहिली.

बऱ्याच वेळाने पायऱ्यांच्या तळाशी पावलं थांबली. मोठ्या माणसाची आणि लहान मुलांची. काहीतरी बोलणं झालं. विल्डाला ऐकू कमी येतं, शब्द कळले नाहीत, पण एक आवाज बारीक होता. खुर्चीचे हात तिने घट्ट धरले. तोंड उघडलं आणि मिटलं. हाका मारायच्या नाहीत. धावत जायचं नाही. स्वतःहून येऊ द्यायचं. सगळ्या जन्मात जे तिला जमलं नव्हतं ते तिने त्या वेळी केलं. ती गप्प बसली.

पावलं पुढे गेली.

तिला वाटलं, दुसरंच कुणी असेल. अजून दुसरा भोंगा व्हायचाय. मग तोही झाला. सगळीकडे दारं लागली. हॉस्टेटलर आले नाहीत म्हणजे पोर आजारी पडली असेल, गाडी बिघडली असेल, असं काय काय तिने मनाशी जुळवून पाहिलं. मग परात खाली ठेवली, कठडा धरला आणि एकेक पायरी बसत बसत ती खाली उतरली. रस्त्याच्या टोकाला त्यांची गाडी कुठे दिसते का ते बघायला.

रस्ता मोकळा होता. एक फाटकी कागदी पिशवी पडली होती. परत वर जायला ती वळली आणि तिने घरांकडे पाहिलं. सगळ्या रांगेत बर्नाडिनच्या टोप्या पेटलेल्या, नारिंगी, जांभळ्या, नारिंगी. मध्ये एक घर काळं. छप्पर काळं, भिंत काळी, दार काळं. कठड्यामागे जमिनीवर सांडलेला तो दुधासारखा उजेड खालून तसूभरही दिसत नव्हता.

"आधी मला कळेच ना," ती म्हणाली. "मी मनात म्हटलं, हे कुणाचं घर मेलं बंद आहे?"

सकाळी मी गेले तेव्हा टोपी तिच्या मांडीवर होती आणि हातात उसवायचं हत्यार. डोळे सुजलेले नव्हते. मला पाहताच म्हणाली, "कापूस, साटीन, फेल्ट. सूर्य जरी आत ठेवला असता तरी बाहेर दिसला नसता. चांगलं काम केलं मी."

"जॅनाला फोन कर."

"केला. यंत्र बोलतं. यंत्राला काय सांगू? टोपीला अस्तर होतं म्हणून?"

"हो, तेच सांग."

"तिला वाटलं असेल, म्हातारीने दिवा मुद्दाम बंद ठेवला. नातीला दारात घ्यायचं नव्हतं म्हणून. आणि तिने पोरीला तसंच सांगितलं असेल. गोड शब्दांत. 'आजीला बरं नाही.' ती बाई सगळं गोड सांगते."

"तर मग ऊठ. गाडी बाहेर आहे. आत्ताच्या आत्ता टेकडीवर जाऊ."

"अशी नाही जायची."

"कशी जायचीय? वाजतगाजत?"

"अस्तर काढू दे. नुसतं बोलून कोण विश्वास ठेवतो माझ्यावर? कोर्टाने ठेवला? जाळी लावते, बर्नाडिनसारखी. त्यांच्याच दिव्यावर घालून दाखवते. आधी अशी होती, म्हणून दिसला नाही. पोरीला कळेल. पोरांना दाखवलं की कळतं."

मी वाद घातला. शाळेतला आवाज लावला, शिव्याही दिल्या दोन. ती हलली नाही. मी कात्री पुढे केली, तर म्हणाली, कात्रीने फेल्ट फाटेल. तिचे टाके सुटायचे नव्हतेच, सुटू नयेत असेच ती आयुष्यभर घालत आली होती. एकेक शोधावा लागे, कारण दिसत नव्हते. शेवटी तिने शनिवार कबूल केला. शनिवारी सकाळी मी येईन, झाली असेल तशी टोपी घेऊन निघायचं, अर्धी तर अर्धी.

गुरुवारी तिला धाप लागली. त्या थंडीत जिन्यावर बसत बसत उतरली-चढली होती, कोट न घालता. शुक्रवारी तिला नदीपलीकडच्या इस्पितळात नेलं. दोन्ही फुप्फुसं भरली होती. नाकात नळ्या, तोंडावर ती वाफेची वाटी, तरी वाटी बाजूला करून नर्सला म्हणाली, "तुझे हात गार आहेत, लग्न झालंय का?"

मग बोटाने मला जवळ बोलावलं.

"टोपी राहू दे. तू नुसती जा. दिवा लागलेला होता म्हणावं."

"जॅनाला सांगते."

"जॅनाला सांगून काय करू? पोरीला सांग. तिच्या तोंडावर."

मी इस्पितळातून सरळ टेकडीवर गेले. घराच्या खिडक्यांना पडदे नव्हते. अंगणात विक्रीची पाटी. शेजारच्या माणसाने सांगितलं, नव्या कामावर लवकर बोलावलं, ठरल्यापेक्षा आठवडाभर आधीच गेले, चांगली माणसं होती हो. पत्ता त्याला ठाऊक नव्हता. खात्याच्या कचेरीत गेले, तर दत्तक गेलेल्या मुलांचा पत्ता देता येत नाही म्हणाले. निरोप? निरोपही नाही. जॅनाचा फोन लावला, तो नंबर बंद झाला होता.

परत आले तेव्हा विल्डाने वाटी काढली.

"सांगितलंस?"

माझ्याऐवजी दुसरी कुणी असती तर 'हो' म्हणाली असती, आणि कदाचित तेच बरं झालं असतं. पण आम्हा दोघींत तसं कधी नव्हतं.

"नाही. गेले ते. इंडियानाला. पत्ता मिळत नाही."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोपली.

"मग शोध," ती म्हणाली.

रविवारी ती गेली. इंडियानात हॉस्टेटलर आडनावाची माणसं गवतासारखी उगवलेली आहेत. अधूनमधून मी फोन लावते. रेलिन नावाची मुलगी तुमच्याकडे आहे का, असं विचारते. एक-दोघांनी पोलिसांची धमकी दिली, एका म्हाताऱ्या बाईने तासभर स्वतःच्या सुनेबद्दल सांगितलं. पोर आता मोठी झाली असेल. अजून सापडलेली नाही.